इंदूरचा नळ आणि घाटातली भिलकवडी : इंदूर नगर निगमास खुले पत्र

माननीय महापौर, सर्व नगरसेवक आणि नर्मदा पाणीपुरवठा प्रकल्पाचे अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

नर्मदेच्या पाण्याच्या चौथ्या टप्प्याची आखणी निगमात सुरू आहे. पंप, जलवाहिन्या, टाक्या आणि शहराच्या कडेच्या नव्या वसाहतींपर्यंत न्यायचे नळ यांची चर्चा आम्ही वर्तमानपत्रांत वाचतो. ज्या डोंगरांवर पडलेला पाऊस पुढे नदी होऊन आपल्या घरात येतो, ते डोंगर येती तीस वर्षे कोण राखणार, हा विषय मात्र त्या चर्चेत येत नाही. तो आराखड्यात यावा, आणि वन विभागाशी केलेल्या पत्रव्यवहाराच्या रूपाने न येता त्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या भिल्ल आणि भिलाला समाजाच्या ग्रामसभांशी केलेल्या लेखी व दीर्घ मुदतीच्या कराराच्या रूपाने यावा, एवढ्या मागणीसाठी हे पत्र आहे. त्याची हिंदी प्रत निगमात रीतसर दिली आहे. मराठीत ते उघडपणे प्रसिद्ध करण्याचे कारण असे की, होळकरांबरोबर माळव्यात आलेल्या आणि आठ-दहा पिढ्या येथले पाणी पीत असलेल्या आम्हा मराठी कुटुंबांनीही या प्रश्नात आपला काही संबंध आहे असे आजवर मानलेले नाही.

इंदूरची तहान नेहमीच गावाबाहेरच्या पाण्यावर भागली आहे. बिलावली, सिरपूर, पिपल्यापाला हे तलाव पुरेनासे झाले तेव्हा १९३९ मध्ये गंभीर नदीवर यशवंत सागर बांधला गेला. तोही पुरेना, तेव्हा १९७० साली शहराने नर्मदेसाठी आंदोलन केले आणि १९७८ मध्ये नर्मदाकाठच्या जलूदहून नर्मदा इंदुरात आली. आज तीन टप्प्यांची मिळून क्षमता दिवसाला सुमारे ५४ कोटी लिटर आहे. हे पाणी जवळजवळ सत्तर किलोमीटरवरून, विंध्याचा कडा चढवून वाचू पॉइंटपर्यंत आणावे लागते आणि तेथून ते उताराने शहरात उतरते. या चढणीचे वीजबिल निगमाला दरमहा कोट्यवधी रुपयांना पडते, म्हणूनच २०२३ मध्ये आपण २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले आणि जलूदजवळ ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला. त्या रोख्यांना देशभरातून मागणी आली, आणि निगमाने दाखवलेल्या या दूरदृष्टीचे कौतुक करण्यात मला काही संकोच वाटत नाही. ज्या निगमाने पाणी वर चढवण्याच्या विजेची पुढच्या कित्येक वर्षांची तजवीज केली, त्यानेच पाणी जेथून येते त्या रानाची तजवीज अजून केलेली नाही, हे त्यामुळे अधिकच खटकते.

नर्मदेला हिमालयातल्या नद्यांसारखे बर्फाचे पाणी नाही. अमरकंटकापासून खंबातच्या आखातापर्यंत १,३१२ किलोमीटर वाहणारी ही नदी सर्वस्वी पावसावर आणि पावसाळ्यानंतर जमिनीतून हळूहळू पाझरणाऱ्या पाण्यावर जगते. विंध्य आणि सातपुडा यांचा आपल्याकडचा भाग काळ्या पाषाणाचा आहे. या खडकाच्या पोटात पाणी फारसे साठत नाही. ते साठते वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात आणि त्यावरच्या पातळशा मातीत. डोंगर उघडा पडला की चार पावसांत ती माती ओढ्यात जाते, ओढ्यातून धरणात जाते, आणि माघ-फाल्गुनात वाहणारा झरा मार्गशीर्षातच आटतो. इंदिरा सागर आणि ओंकारेश्वर ही धरणे वरच्या अंगाला आहेत, म्हणून जलूदला उन्हाळ्यातही पाणी मिळते हे खरे. पण धरण पाणी अडवते, निर्माण करत नाही, आणि डोंगराची माती जितक्या वेगाने त्यात येते तितक्या वेगाने त्याचे आयुष्य घटते. महू तालुक्यातून खाली उतरणारी चोरल बडवाहजवळ नर्मदेला मिळते, म्हणजे जलूदच्या वरच. पावसाळ्यात आपण सारे जेथे सहलीला जातो ते पाताळपाणी, कालाकुंड, चोरल हा सारा परिसर त्याच पाणलोटाचा आहे. आपल्या पाण्याचा काही अंश अशा रीतीने आपल्याच जिल्ह्यातून खाली जातो आणि प्रचंड खर्च करून आपण तो पुन्हा वर आणतो.

डोंगर राखायचा म्हटले की आपल्या राज्यात झाडे लावण्याचा कार्यक्रम होतो. २ जुलै २०१७ रोजी नर्मदेच्या खोऱ्यात एका दिवसात सहा कोटींहून अधिक रोपे लावल्याचे शासनाने जाहीर केले. १४ जुलै २०२४ रोजी इंदुरात रेवती रेंजवर चोवीस तासांत बारा लाखांहून अधिक रोपे लावून विक्रम केला गेला. त्या दिवशी खड्डे खणायला गेलेल्या हजारो नागरिकांच्या भावनेबद्दल मला आदर आहे. परंतु रोप लावणे हे एका सकाळचे काम आहे आणि ते जगवणे हे निदान तीन उन्हाळ्यांचे: चैत्र-वैशाखात वणवा लागला तर तो विझवणारे, मोकाट गुरे वळवणारे, रात्री कुऱ्हाडीचा आवाज आला तर उठून जाणारे कोणी तरी तेथेच राहणारे असावे लागते. शिवाय प्रत्येक उघड्या डोंगराला झाडेच हवी असतात असेही नाही. कित्येक उतारांवर गवत राखले तर माती अधिक चांगली धरली जाते आणि पाणीही जास्त मुरते, आणि भलत्या जातीची दाट लागवड उलट जमिनीतले पाणी शोषून घेते. कोणत्या उतारावर गवत, कोठे अंजन, कोठे मोह, कोणता ओहोळ बांधायचा आणि कोणता मोकळा सोडायचा, हे तेथे गुरे चारणाऱ्या आणि वनोपज वेचणाऱ्या माणसांना ठाऊक असते. आपल्या वृक्षारोपणाच्या बैठकीला या माणसांना बोलावण्याची पद्धत नाही, मजुरीला मात्र त्यांनाच बोलावतात.

ही माणसे स्वतःच्या हिमतीवर काय करू शकतात याची उदाहरणे आपल्याच इंदूर विभागातल्या जिल्ह्यांत आहेत. अलीराजपूरमधल्या भिताडा गावच्या भिलालांची ‘पाट’ ही सिंचनाची रीत पाहावी. ओढ्यात दगड रचून, त्यांच्या फटीत सागाची पाने आणि चिखल दाबून बांध घालतात आणि डोंगराच्या अंगाने, मधल्या नाल्यांवर दगडी टेकू देऊन, पाणी शेतापर्यंत नेतात. पावसाळ्यात त्याचा बराच भाग वाहून जातो; पावसाळा संपला की सारे गाव मिळून साधारण पंधरवड्यात तो पुन्हा उभा करते. पाणी पाळीने मिळते, आणि ज्या दिवशी ज्या घराची पाळी असेल त्या दिवशी सबंध पाटाची राखण त्या घराकडे असते. पाण्याचा हक्क आणि पाण्याची जबाबदारी एकाच दिवशी एकाच घराकडे सोपवणारी इतकी साधी व्यवस्था आपल्या शहराच्या कोणत्याही झोनमध्ये नाही, आणि ती एखाद्या अभियंत्याने आखून दिलेलीही नाही. त्याच जिल्ह्यातल्या सोंडवा भागात अट्ठा आणि आसपासच्या गावांनी १९८० च्या दशकापासून संघटित होऊन आपले जंगल राखले आहे. झाबुआत हलमा आहे: एखाद्यावर अडचण आली की त्याने हाक द्यायची आणि गावाने विनामोबदला धावून जायचे, ही भिल्लांची जुनी चाल. अलीकडच्या वर्षांत हजारो लोक याच चालीने हाथीपावाच्या टेकडीवर जमून पाणी मुरवण्यासाठी उताराला आडवे समतल चर खणतात आणि त्याची दखल दिल्लीपर्यंत घेतली गेली आहे.

हलम्याविषयी एक गोष्ट मात्र स्पष्टपणे लिहावीशी वाटते, कारण त्याची स्तुती होताना सरकारी व्यासपीठांवर ती हमखास सुटते. हलमा ही बरोबरीच्या माणसांतली देवघेव आहे. आज मी तुझ्याकडे आलो, उद्या तू माझ्याकडे येशील, हा विश्वास तिच्या मुळाशी असतो. पस्तीस-चाळीस लाखांच्या शहराने डोंगरातल्या माणसाच्या फुकट श्रमावर आपले पाणी वाढवून घ्यावे आणि त्याला परंपरेचा गौरव म्हणावे, हे त्या परंपरेत बसत नाही. शहराची आपल्या पाळीची बाजू काय, हे आधी ठरले पाहिजे.

यासाठी कायदा लागतो आणि तो आहे. १८७८ आणि १९२७ च्या वन कायद्यांनी ब्रिटिश अमलातली राने सरकारजमा केली आणि तेथे राहणारा माणूस आपल्याच जंगलात अतिक्रमणकर्ता ठरला. १९९० च्या दशकात संयुक्त वन व्यवस्थापन आले; त्यात गावाच्या समित्या झाल्या, पण दप्तर आणि निर्णय वन विभागाकडेच राहिले. २००६ च्या वनहक्क कायद्याने प्रथमच हे चित्र बदलले. गावाच्या पारंपरिक सीमेतल्या सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क त्याच्या कलम ३(१)(झ) ने गावाला दिला, आणि कलम ५ ने ग्रामसभेला वन्यजीव व जैवविविधतेबरोबरच लगतची पाणलोट क्षेत्रे आणि जलस्रोत सुरक्षित ठेवण्याचे अधिकार दिले. पाणलोटाची राखण हे ग्रामसभेचे काम आहे असे देशाच्या संसदेनेच लिहून ठेवल्यावर, शहराने तिच्याशी करार करण्यासाठी आणखी कोणत्या आधाराची वाट पाहावी, हे मला समजत नाही. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचे मध्य प्रदेशाचे नियम १५ नोव्हेंबर २०२२ पासून लागू आहेत, पण ते अनुसूचित क्षेत्रापुरते आहेत आणि महू तालुका त्यात येत नाही. वनहक्क कायदा मात्र तेथेही तितकाच लागू आहे.

मराठी वाचकांना या कायद्याचे सर्वांत परिचित उदाहरण गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचे असेल. २००९ मध्ये या गोंड गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ते आपला बांबू आपल्या वाहतूक परवान्यावर विकू लागले. जंगल गावाच्या हाती गेले की संपेल, ही भीती तेथे खरी ठरली नाही. नर्मदेच्या वरच्या अंगाला, दिंडोरी जिल्ह्यात, बैगा आदिवासींचे अधिवास-हक्क, म्हणजे आपल्या परंपरागत प्रदेशावरचे हक्क, देशात सर्वप्रथम मान्य झाले. म्हणजे आपल्या नदीच्या मुखापासून उगमापर्यंतच्या वाटेवर कोणी ना कोणी आदिवासी समाज तिच्या रानाचा रखवालदार आहेच. कोठे कायद्याने ओळखलेला, बहुतेक ठिकाणी न ओळखलेला. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्या कुटुंबांना जंगलातून काढण्याचा आदेश दिला आणि पंधरा दिवसांत तो स्थगित झाला. त्या पंधरवड्यात आपल्या या रखवालदारांपैकी किती घरांनी रात्री जागून काढल्या असतील, याचा विचार इंदुरात कोणी केल्याचे आठवत नाही. ज्याला उद्या हुसकावले जाण्याची धास्ती आहे तो माणूस तीस वर्षांनी मोठे होणारे झाड राखणार नाही, म्हणून हक्काची नोंद ही कराराची पहिली पायरी असली पाहिजे.

आता भिलकवडीविषयी. १८१८ नंतर माळव्याची व्यवस्था लावणाऱ्या जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने अहिल्याबाईंच्या राज्याची जी हकीकत टिपून ठेवली, तिच्यात विंध्याच्या घाटांतल्या भिल्लांशी त्यांनी केलेल्या व्यवहाराचा उल्लेख आहे. घाटातून जाणाऱ्या मालावर लहानसा कर घेण्याचा भिल्लांचा परंपरागत हक्क अहिल्याबाईंनी मान्य केला, त्यांना पडीक जमिनी दिल्या, आणि त्याच्या बदल्यात आपापल्या हद्दीतल्या वाटा सुरक्षित ठेवण्याची व झालेल्या चोरीची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. या करालाच भिलकवडी म्हणत. २०२५ मध्ये आपण अहिल्याबाईंची त्रिशताब्दी साजरी केली, राजवाड्यात राज्य मंत्रिमंडळाची बैठकही झाली. त्यांचे घाट, मंदिरे आणि धर्मशाळा यांविषयी भाषणे झाली, पण त्यांच्या कारभारातल्या या व्यवहाराविषयी मी तरी कोठे ऐकले नाही. ही व्यवस्था आजच्या अर्थाने न्याय्य होती असे माझे म्हणणे नाही. राज्य होळकरांचे होते आणि अटीही त्यांच्याच होत्या. पण डोंगर ज्याच्या ताब्यात आहे त्याचा हक्क आधी मान्य करावा, मग त्याच्याकडून राखणीची अपेक्षा धरावी, हा क्रम त्यांनी बरोबर लावला होता. आज त्याच विंध्यातून बैलांच्या तांड्यांऐवजी आपली जलवाहिनी जाते.

म्हणून माझा प्रस्ताव असा आहे की निगमाने नर्मदेच्या पाण्यावर दर हजार लिटरमागे दहा पैसे ‘पाणलोट हिस्सा’ म्हणून बाजूला काढावा. ५४ कोटी लिटर म्हणजे ५ लाख ४० हजार हजार-लिटर. दहा पैशांप्रमाणे दिवसाला ५४ हजार रुपये आणि वर्षाला सुमारे १ कोटी ९७ लाख रुपये. पाण्याच्या विजेवर होणाऱ्या खर्चापुढे ही रक्कम अगदी किरकोळ आहे, आणि पाणीपट्टी न वाढवताही ती निघू शकेल. ती थेट ग्रामसभांच्या सामूहिक वनसंपत्ती व्यवस्थापन समित्यांच्या खात्यात जावी. मधे ना ठेकेदार असावा, ना एखादी संस्था. करार तीस वर्षांचा असावा, दर पाच वर्षांनी दोन्ही पक्षांनी बसून तो तपासावा, आणि नको वाटला तर त्यातून बाहेर पडण्याचा अधिकार ग्रामसभेलाही असावा. काय करायचे हे ग्रामसभा ठरवील: वणवा अडवणाऱ्या जाळरेषा, समतल चर, गवताची राखण, झऱ्यांची साफसफाई, किंवा काही भाग काही वर्षे नुसता सोडून देणे. चराई बंद करायची असेल तर ती निगमाच्या अटीने न होता गावाच्या ठरावाने व्हावी, नाहीतर त्याचा सारा भार शेळ्या पाळणाऱ्या गरीब बायांवर पडेल. निगमाने दोनच गोष्टी मागाव्यात: खर्चाचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा, आणि ठरावीक ओहोळांचे पाणी किती महिने वाहते आणि किती गढूळ येते याची नोंद गावातल्याच प्रशिक्षित तरुणांनी ठेवावी. आपल्या शहरातल्या तांत्रिक शिक्षणसंस्था या मोजणीला सहज हातभार लावू शकतील.

असे काही भारतात आधी झालेले नाही असे कोणी म्हणेल, म्हणून सांगतो की हिमाचल प्रदेशातल्या पालमपूर नगर परिषदेने २०१० मध्ये आपल्या पाण्याचा बोहल झरा राखण्यासाठी वरच्या गावाच्या समितीशी वीस वर्षांचा करार केला. रक्कम अगदी लहान होती आणि पालमपूरही इंदूरच्या मानाने लहानसे गाव आहे.

आदिवासीच जंगल तोडतात, हा आक्षेप येईल. तोड होते, आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. २०२२-२३ मध्ये बुऱ्हाणपूर जिल्ह्यात मोठी जंगलतोड झाली. पण तिच्याविरुद्ध सर्वांत आधी आणि सर्वांत चिकाटीने आवाज उठवणारेही त्याच जिल्ह्यातले आदिवासी होते. नवाडीसाठी, म्हणजे रान तोडून नवी शेती करण्यासाठी, बाहेरून येणारे आणि आपल्या शिवारातले रान राखणारे यांना एकाच मापाने मोजणे सोयीचे असले तरी खरे नाही, आणि सीमेवर कायद्याचा हक्क असलेली ग्रामसभाच बाहेरच्याला अडवू शकते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जलूदला येणाऱ्या पाण्यात चोरल खोऱ्याचा वाटा लहान आहे, मग तेथे पैसे का घालायचे? हे मला मान्य आहे. तरी सुरुवात तेथून करावी, कारण ते खोरे आपल्या जिल्ह्यापासून सुरू होते, तेथली गावे आपल्याला माहीत आहेत आणि परिणाम मोजता येईल. शिवाय महू–सनावद रुंदमापी रेल्वे आणि इंदूर–इच्छापूर महामार्ग यांच्यासाठी याच पट्ट्यातली वनजमीन गेली आहे, आणि त्या दोन्हींचा लाभ प्रामुख्याने शहराला आहे. चोरलमध्ये रीत बसली की मंडला-दिंडोरीपर्यंतच्या खोऱ्याविषयी राज्य शासनाशी बोलण्याचा अधिकार इंदूरला येईल.

आणि ते बोलण्याची वेळही आली आहे. राज्याराज्यांतल्या नर्मदा पाणी तंट्याचा लवादाने दिलेला निवाडा डिसेंबर १९७९ मध्ये राजपत्रात प्रसिद्ध झाला. त्याने नर्मदेचे २८ दशलक्ष एकर-फूट पाणी वाटले, १८.२५ मध्य प्रदेशाला, ९ गुजरातला, ०.५० राजस्थानला आणि ०.२५ महाराष्ट्राला. पंचेचाळीस वर्षांनंतर या वाटपाचा फेरविचार करता येईल अशी तरतूद त्याच निवाड्यात आहे, आणि ती पंचेचाळीस वर्षे डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाली. पहिल्या वेळी राज्ये बोलली. ज्यांची गावे पुढे इंदिरा सागर आणि सरदार सरोवरात गेली ते लोक त्या तंट्यात पक्षकार नव्हते. फेरविचार होईल तेव्हा पाण्याच्या आकड्यांबरोबर पाणलोटाच्या राखणीचा आणि राखणाऱ्यांच्या हिश्शाचा प्रश्नही मध्य प्रदेशाने मांडावा, असा ठराव नर्मदेवर जगणाऱ्या, राज्यातल्या सर्वांत मोठ्या शहराच्या परिषदेने करून भोपाळला पाठवावा.

आम्हा मराठी मंडळींच्या संस्थांनाही जाता जाता एक विनंती आहे. पाताळपाणीच्या स्थानकाला भिल्ल क्रांतिकारक टंट्या मामांचे नाव देण्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले, तेथे गाडी थांबते तेव्हा आपण मुलांना त्यांची कथा सांगतो, आणि मग दरीच्या काठावर प्लास्टिकच्या पत्रावळी टाकून घरी येतो. व्याख्यानमालांतून एखादे वर्ष चोरल आणि मानपूर भागातल्या ग्रामसभांच्या लोकांना वक्ते म्हणून बोलवावे, आणि त्यांना प्रवासखर्चाबरोबर मानधनही द्यावे.

निगमाकडून मला तूर्त हवे आहे ते एवढेच: येत्या अंदाजपत्रकात पाणलोट हिश्शाचे स्वतंत्र शीर्षक उघडावे, चोरल खोऱ्यातल्या गावांचे सामूहिक वनहक्काचे दावे कोणत्या टप्प्यावर आहेत याची माहिती जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी मागवून ती प्रसिद्ध करावी, आणि कराराचा मसुदा करण्यापूर्वी त्या ग्रामसभांना भेटावे. ही भेट निगमाच्या सभागृहात न ठेवता त्यांच्या गावी ठेवावी. बोलणे भिली आणि निमाडीत व्हावे आणि दुभाषा निगमाने आणावा. तारीख मोहाची वेचणी आटोपल्यावर आणि तेंदूपत्त्याची तोडणी सुरू होण्याच्या आत, म्हणजे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली असावी, कारण त्या दोन हंगामांच्या दिवसांत बोलावलेल्या बैठकीला गावातली निम्मी माणसे, विशेषतः बायका, येऊ शकत नाहीत.

कळावे,

आपला,
इंदूरचा एक पाणीपट्टी भरणारा नागरिक